सरदार दर्याजीरावांची खोट

श्रीरंग बेडगकरांनी जन्मभर बोललेले सगळे शब्द मालगाडीत भरले असते, तर एक वाघीणसुद्धा धड भरली नसती, असं त्यांची बायको हेमांगी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पाहुणे हसायचे. श्रीरंगही हसायचे आणि म्हणायचे, "असू दे."

हा त्यांचा ठेवणीतला शब्द. भाजी खारट झाली, असू दे. साडी महागात पडली, असू दे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मिरज जंक्शनवर मालगाडीचे चालक म्हणून काढली. पुढे मालगाड्या बिनचालकाच्या झाल्या, वेळेआधीच निवृत्तीचा कागद हातात आला, तेव्हाही त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला आणि तेच म्हणाले. हेमांगी बालवाडीत शिकवायची. दिवसभर पन्नास पोरांशी बोलून घरी आली तरी तिचं बोलणं संपायचं नाही, आणि घरी ऐकणारा एकच, तोही भिंतीसारखा. सकाळी ती शाळेला निघायची तेव्हा अंगणातली तिची स्कूटर फाटकाकडे तोंड करून, सीट पुसून उभी असायची. ड्रायव्हर माणसाची खोड, असं म्हणून ती किल्ली फिरवायची आणि निघून जायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी दाढी करता करता श्रीरंगांच्या हातातून वस्तरा गळून पडला. मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली होती. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, चेहऱ्याची उजवी बाजू ओघळली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. कोण आलं, कोण काय म्हणालं, कुणाचा विनोद फसला, सगळं. फक्त तोंडातून एकच शब्द बाहेर पडायचा.

"तहान लागलीय का?" नर्स विचारायची.

"असू दे."

"दुखतंय का कुठं?"

"असू दे."

हेमांगीला हसू यायचं आणि त्या हसण्यातूनच रडू फुटायचं. म्हणायची, "देवानं सगळं नेलं आणि नेमकं हेच ठेवलं बघा."

वाचा-उपचार करणाऱ्या नाझनीन मुजावर मॅडमनी मात्र तो शब्द ऐकून मान डोलावली. त्या मिरजेच्याच, वयानं हेमांगीपेक्षा लहान, आणि रोग्याशी बोलताना नातेवाइकांकडे न बघता रोग्याकडेच बघणाऱ्या. त्यांच्या टेबलावर एक पातळ करड्या रंगाची पट्टी पडलेली होती. कानामागून कपाळापर्यंत बसेल अशी.

"ह्याला वाक्सेतू म्हणतात, श्रीरंगकाका," त्या म्हणाल्या. "आपलं रोजचं बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूनं चालतं. तुमचं तिथलं ठाणंच गेलंय. पण माणूस दुसऱ्याचं सोंग घेऊन बोलतो ना, नक्कल करतो, गातो, तेव्हा उजवीकडचे रस्ते जागे होतात. तोतरा माणूस नाटकात पल्लेदार वाक्यं फेकतो, बघितलंय की नाही? तुमचे ते रस्ते शाबूत आहेत. ही पट्टी दोन कामं करते. आत्ता डोक्यात 'मी' चाललाय की 'तो' चाललाय, हे ओळखते. 'तो' असला की उजव्या बाजूला विजेचा बारीकसा धक्का देते आणि शब्द मोकळे होतात. हिरवा दिवा लागतो. 'मी' आला की दिवा विझतो."

"म्हणजे नाटक करायचं?" हेमांगीनं विचारलं.

"नाटक नाही चालत. पाठ केलेलं वेगळ्या कप्प्यातून येतं. जागेवर सुचून बोललं पाहिजे. आम्ही त्यासाठी पात्रांचे खेळ वापरतो. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. जिथं पेच पडेल तिथं फासे टाकायचे."

"आमची शाल्मली खेळते की ते पुण्यात! रविवार रविवार घालवते त्यात."

"मग बोलवा तिला. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा." मॅडमचा आवाज जरा कडक झाला. "सोंग काकांपासून जितकं लांबचं, तितका सेतू पक्का. त्यांच्यासारखंच पात्र घेतलं तर मेंदू गोंधळतो. आणि आठवड्यातून दोनदा, तासभर, बस्स. हा जो 'असू दे' आहे ना, तो त्यांचा स्वतःचा शब्द आहे. त्याच्यातूनच त्यांचं स्वतःचं बोलणं उगवायचं, सावकाश, वर्ष-दोन वर्षांत. सेतू जास्त वापरला तर मेंदू सोपा रस्ता धरतो आणि जुनी पायवाट गवतात जाते. मग ती परत सापडेलच असं मी सांगू शकत नाही."

हेमांगीनं मान हलवली. लेकीला फोन लावायला ती दारापर्यंत पोचलीसुद्धा होती.

शाल्मली पुण्याहून आली ती फाशांची पिशवी आणि जाड कागद घेऊनच. सव्वीस वर्षांची, आईसारखीच बडबडी, पण बापाजवळ बसली की आवाज आपोआप खाली यायचा. जेवणाच्या टेबलावर तिनं कागद पसरला. बळ, चपळाई, अक्कल, छाप असे चार रकाने. वीस बाजूंचा एक निळा फासा तिनं बापाच्या डाव्या हातात दिला.

"चला बाबा, माणूस घडवू या. नियम एकच, तुमच्या उलटा. आई, तूच सांग. तुझ्याइतकं बाबांना कोण ओळखतं?"

"यांच्या उलटा?" हेमांगीनं पदर खोचला. "सोप्पं आहे. लिही. पहिलं म्हणजे बोलका. बायको नवी साडी नेसून समोर आली तर मान वर करून बघणारा. पेपरात तोंड खुपसून 'असू दे' म्हणणारा नको."

शाल्मली खिदळली. "छाप अठरा."

"चारचौघांत हात धरणारा. जेवताना एकदा तरी 'वा' म्हणणारा. अन्याय दिसला की तलवार काढणारा. तुझी आजी मला घालूनपाडून बोलायची तेव्हा हे चपला घालून ड्युटीला जायचे. तसा नको."

"तलवारबाज. बरं. कुठला राजा की सरदार?"

"सरदार कर. मिशीला पीळ, फेट्याला तुरा, दोरावरून झोके घेत या गलबतावरून त्या गलबतावर जाणारा. समुद्रावरचा. मला लग्नात कबूल केलं होतं रत्नागिरीला नेऊन समुद्र दाखवतो म्हणून. अजून येतोय तो समुद्र."

"सरदार दर्याजीराव!" शाल्मलीनं टाळी वाजवली. "बाबा, चालेल?"

श्रीरंगांच्या चेहऱ्याची जी बाजू हसू शकत होती ती हसली. "असू दे."

"आता खोट. आमच्या टेबलावर प्रत्येक पात्राला एक खोट द्यावीच लागते. आणि तिचा नियम फार कडक आहे. पात्र आपल्या खोटीविरुद्ध वागलं की फासा टाकायचा नाही. ते पात्र तिथंच मेलं. कारण खोटच गेली म्हणजे तो माणूस तो राहिलाच नाही."

"गप्प बसता येत नाही त्याला!" हेमांगी म्हणाली, आणि मायलेकी टेबलावर डोकं टेकून हसल्या. इतक्या दिवसांनी घरात असं हसू फुटलं होतं, की त्या भरात श्रीरंगांकडे कुणी पाहिलंच नाही.

शेवटी शपथ उरली. ती मात्र खेळणाऱ्यानं स्वतः निवडायची. शाल्मलीनं चार चिठ्ठ्या मांडल्या. राजाशी इमान, शत्रूचा सूड, खजिन्याचा शोध आणि मागे कुणाला सोडणार नाही. श्रीरंगांनी डाव्या हाताचं बोट चौथ्या चिठ्ठीवर ठेवलं.

पहिल्या खेळाला चौथा गडी म्हणून बाबू गुरव आला. श्रीरंगांबरोबर वीस वर्षं इंजिनात बसलेला त्यांचा सहायक. त्यानं नावाड्याचं पात्र घेतलं, हेमांगीनं बेटावरच्या वैद्यिणीचं. पट्टी बसवली. दिवा विझलेलाच होता.

"शत्रूच्या बंदरात तुमचं गलबत लागलंय," शाल्मली सूत्रधाराच्या आवाजात म्हणाली. "पहारेकरी भाला रोखून विचारतो, कोण रे तू?"

श्रीरंगांनी डोळे मिटले. खांदे मागे गेले. लुळा हात मांडीवर तसाच, पण डावा हात मिशीकडे गेला. मिशी नव्हती, तरी गेला. दिवा हिरवा झाला.

"कोण?" खोल, भरदार आवाज आला. "या दर्याच्या लाटा ज्याला मुजरा करून मग किनाऱ्याला लागतात, त्याला विचारतोस कोण? सरदार दर्याजीराव म्हणतात मला! दरवाजा उघड, पोरा. नाहीतर दरवाजा आणि तू, दोघंही पोहायला शिकाल!"

गुरवाच्या हातातला चहा सांडला. "आयला," तो पुटपुटला. "श्रीरंगराव बोलायलाय की!"

शाल्मलीचे डोळे भरले, पण सूत्रधाराला रडता येत नाही म्हणून तिनं घाईघाईनं पहारेकऱ्याला दार उघडायला लावलं. पुढं तासभर सरदार लढला, शिड्यांवर चढला, दोन फासे वाईट पडले तेव्हा खांद्याला जखम करून घेतली. हेमांगी वैद्यीण झाली आणि बिचकत म्हणाली, "सरदार, लेप लावू का?"

"लेप? तुमच्या हातचा मिळणार असेल, बाईसाहेब, तर थांबा, आणखी दोन जखमा करून घेतो."

हेमांगीच्या कानापर्यंत लाली चढली. साठीला टेकलेल्या बाईनं लेकीसमोर असं लाजावं, याचं तिला हसू आलं आणि बरंही वाटलं. फार बरं वाटलं.

एप्रिलच्या शेवटी शाल्मली पुण्याला परत गेली आणि रविवारपुरती येऊ लागली. पट्टी हेमांगीच्या कपाटात राहिली. एका गुरुवारी सकाळी तिनं पोहे केले, समोर ठेवले, आणि नुसती गंमत म्हणून पट्टी त्यांच्या कानामागे बसवली.

"वाहवा!" सरदार गरजला. "या पोह्यांवरून दोन परगणे ओवाळून टाकावेत, बाईसाहेब! आणि या करणाऱ्या हातांवरून उरलेलं राज्य!"

माणूस एकदा गोडाला चटावला की हात मागं घेणं कठीण. गुरुवारचे दोन दिवस झाले, मग रोज सकाळी, मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत. हेमांगीनं कपाटाच्या तळातल्या साड्या वर काढल्या. सांगलीच्या लग्नात सरदारानं भर मांडवात तिचा हात धरला आणि वऱ्हाडाला सांगितलं, की सात समुद्रांत असं रत्न दुसरं नाही. बायका हेवा करत होत्या. त्या दुपारी हेमांगीला आपलं वय आठवलं नाही आणि मुजावर मॅडमही आठवल्या नाहीत. घरी आल्यावर आठवल्या. 'उद्यापासून कमी करू,' असं ती स्वतःशी म्हणाली. असं ती रोजच म्हणत होती.

आजारपणानंतरही श्रीरंग सकाळी एका हातानं तिच्या स्कूटरची सीट पुसायचे. आता सकाळी सरदार ओट्यावर बसून नसलेल्या मिशीला पीळ द्यायचा. स्कूटरवर धूळ बसली. हेमांगीच्या ते लक्षात आलं नाही. शाळा तिनं त्यांच्या आजारपणातच सोडली होती; बाजारात जाताना ती आपली पदरानं सीट झटकून निघायची.

एका रविवारी खेळ संपल्यावर गुरव मागं रेंगाळला.

"वहिनी, बोलू का? राग मानू नगा."

"बोला की."

"सरदार झकास हाय. आमच्या गल्लीत पोरं त्याच्या नकला करत्यात. पन मगाशी माझ्या हातनं पानी सांडलं बघा. म्हटलं, आता श्रीरंगराव म्हनतोय 'असू दे'. वीस वर्सं त्येच ऐकलंय मी. तर म्हनला, 'गलबतात पाणी शिरलं रे!' हसलो मी. पर घरला जाताना वाटाय लागलंय, आपला मानूस लई दिसांत भेटला न्हाई."

तो गेल्यावर हेमांगी स्वयंपाकघरात उभी राहिली. किती दिवसांत ऐकला नव्हता तो शब्द? तिला आठवेना. ती बाहेर आली आणि तिनं श्रीरंगांच्या कानामागची पट्टी काढली. मिशीकडे गेलेला हात खाली आला. खांदे पडले. समोर तिचा नवरा बसला होता, थकलेला, तिच्याकडे बघत. तिनं टेबलावरची साखरेची वाटी मुद्दाम कलंडून दिली. साखर फरशीवर पसरली.

"बघा हो, काय केलं मी," ती म्हणाली.

श्रीरंगांनी तोंड उघडलं. ओठ हलले. काहीतरी शोधत असल्यासारखे त्यांचे डोळे इकडे तिकडे फिरले, मग घाबरले. तोंड उघडंच राहिलं. त्यातून काही आलं नाही.

"रोज किती वेळ?" दुसऱ्या दिवशी मुजावर मॅडमनी विचारलं.

"सकाळी लावायची. संध्याकाळी काढायची."

मॅडम रागावल्या असत्या तर हेमांगीला सोसलं असतं. त्यांनी समोरची फाइल मिटली आणि म्हणाल्या, "आता दोनच वाटा आहेत. सेतू चालू ठेवला तर सरदार बोलत राहील, दिवसेंदिवस जास्तच छान बोलेल. काका मात्र पुन्हा बोलणार नाहीत. सेतू बंद केला तर सरदार गेला. आणि काकांचा शब्द परत येईल की नाही, ते मला ठाऊक नाही. कदाचित कधीच नाही."

"मी कसं ठरवू?"

"तुम्ही नाही. त्यांनी ठरवायचं."

पण विचारायचं कुणाला? पट्टी लावून विचारावं तर सरदार उत्तर देणार. न लावता विचारावं तर उत्तरच नाही. रविवारी शाल्मली आली तेव्हा दोघी पट्टीशिवाय त्यांच्यासमोर बसल्या. मुलीनं सगळं नीट समजावून सांगितलं. "बाबा, मान हलवा नुसती. सरदार हवा?" श्रीरंगांनी मान हलवली नाही, होय अशीही नाही आणि नाही अशीही नाही. ते हेमांगीकडे बघत राहिले. मग डाव्या हाताचं बोट त्यांनी कपाटाकडे दाखवलं. तिथं फाशांची पिशवी होती.

"खेळायचंय," शाल्मली म्हणाली.

गुरवाला निरोप गेला. भरदुपारी चौघं टेबलाभोवती बसली. पट्टी बसवल्या बसवल्या दिवा हिरवा झाला.

शाल्मलीनं प्रसंग मांडला. सरदाराचं गलबत बुडालंय. तो, वैद्यीण आणि नावाडी समुद्रकाठच्या एका गुहेत लपलेत. भरती आली की पोहत निसटता येईल. तोवर शत्रूचं आरमार बाहेर शोधतंय. "भरतीला अजून अवकाश आहे," ती म्हणाली. "गुहेत अंधार आहे. कुणाला काही बोलायचं असेल तर बोला."

सरदार वैद्यिणीकडे वळला. त्याचा आवाज आज खाली होता.

"बाईसाहेब, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. माझ्या गलबताच्या तळाशी एक माणूस बसून असे. मी गलबतावर चढण्याच्या आधीपासून तो तिथं होता." कानामागचा दिवा एकदा लुकलुकला. सरदार थांबला, श्वास घेतला, दिवा स्थिर झाला. "तो बोलत नसे. मी बोलत असे तेव्हा माझा हात त्याच्या तोंडावर असे. ही गोष्ट मला फार उशिरा समजली."

हेमांगीनं टेबलाची कड धरली. "त्याला ऐकू येतं का सगळं?"

"सगळं. मला घडवलं गेलं त्या दिवशी तो तिथंच बसला होता. काय काय हवं होतं, ते त्यानं एकेक करून ऐकलं. हसून होकारसुद्धा दिला."

शाल्मलीनं तोंडावर हात ठेवला. त्या दिवशीचं स्वतःचं हसणं तिला ऐकू येत असावं.

"सरदार," हेमांगी म्हणाली. वैद्यीण कधीच गळून पडली होती. "तो माणूस माझ्याबद्दल काय म्हणतो? तुम्ही एवढं गोड बोललात माझ्याशी. त्यातलं त्याचं काय होतं? सांगा मला."

सरदारानं मान खाली घातली. "खोटं बोलण्याइतका मी शूर नाही, बाईसाहेब. मी बोललो ते सगळं तुम्हीच मला दिलेलं होतं. तुमचीच शिदोरी तुम्हाला वाढली. त्याच्याजवळ काय आहे ते त्यानं मला कधीच दिलं नाही. ते त्यानं स्वतःपाशीच ठेवलंय."

शाल्मलीनं डोळे पुसले आणि प्रसंग पुढं नेला, कारण तो तिनं तसाच योजून आणला होता. गुहेच्या तोंडाशी शत्रूचा सेनापती येतो. मशाल धरतो आणि ओरडतो, "दर्याजीराव! आत असशील तर बोल! भेकड असशील तर गप्प बस!"

तिला वाटलं होतं, सरदार गर्जना करून बाहेर उडी घेईल, फासा पडेल, ती काहीतरी करून त्याला वाचवील आणि निर्णय आणखी एक रविवार पुढं जाईल.

सरदार बोलला नाही.

"सरदार बोलला तर आतले तिघंही सापडणार," ती घाईघाईनं म्हणाली. "पण बोलून बाहेर उडी घेता येईल. फासा सोपा ठेवते. आठाच्या वर काहीही चालेल. बाबा?"

श्रीरंग ताठ बसले होते. खांदे मागं, हनुवटी वर. दिवा लख्ख हिरवा होता. शब्द घशाशी उभे होते, ते सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"बाबा, खोट मोडतेय तुमची. गप्प राहिलात तर सरदार मेला. बोला ना काहीतरी. एक शब्द."

त्यांनी डाव्या हातानं निळा फासा उचलला, लेकीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटवली.

"मशाल गुहेत फिरली," शाल्मली रडत रडत म्हणाली. "आतून आवाज आला नाही. सेनापती म्हणाला, इथं दर्याजीराव नाही, तो असता तर बोलला असता. आरमार निघून गेलं. भरती आली. वैद्यीण आणि नावाडी पोहत किनाऱ्याला लागले. आणि सरदार दर्याजीराव..." तिला पुढं सांगता येईना.

गुरवानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

श्रीरंगांनी कानामागं हात नेला. पट्टी निघताना दिवा विझला. त्यांनी ती टेबलावर हेमांगीसमोर ठेवली, आणि त्यांचे खांदे हळूहळू पुन्हा वाकले.

त्यानंतर सरदार आला नाही. श्रीरंगांचा शब्दही आला नाही. मुजावर मॅडम दर आठवड्याला चित्रं दाखवायच्या. कप, गाय, रेल्वे. श्रीरंग बोट नेमक्या चित्रावर ठेवायचे, तोंड उघडायचे आणि मिटायचे. दिवाळी आली आणि गेली. गुरव रविवारी यायचा आणि दोघं ओट्यावर न बोलता बसायचे, इंजिनात बसल्यासारखे. त्याला तेवढं पुरत होतं. हेमांगीला पुरत नव्हतं. तिला सरदाराची आठवण यायची, आणि आठवण आली म्हणून स्वतःची शरम वाटायची. एका दुपारी ती नवऱ्याच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "मी तुमच्यासमोर बसून हवा तसा नवरा लिहून काढला. तुम्ही ऐकत होता. चुकलं माझं." श्रीरंगांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती वाट बघत राहिली. घरात पंखा फिरत होता, बाकी काही नाही.

मग थंडीतल्या एका सकाळी अंगणात धाडकन काहीतरी पडलं. हेमांगी पोळपाट टाकून धावली.

स्कूटर आडवी पडली होती. एक आरसा फुटून काचा फरशीवर उडाल्या होत्या. श्रीरंग भिंतीला टेकून उभे होते, गुडघा खरचटलेला, डाव्या हातात ओलं फडकं. सीट पुसलेली होती. चाकांचा ओला माग फरशीवर उमटला होता. भिंतीपासून निघून फाटकाच्या दिशेनं अर्ध्यावर वळलेला. एका हातानं त्यांनी स्कूटर तेवढी वळवली होती.

"अहो, काय हे! कुणी सांगितलं तुम्हाला..." ती बोलायला लागली आणि तो माग बघून थांबली. इतकी वर्षं रोज सकाळी तिनं किल्ली फिरवली होती आणि निघून गेली होती. स्कूटर तिच्यासाठी आधीच वळवून ठेवलेली असायची. त्या दिवशी टेबलाशी बसून पदर खोचून तिनं त्यांच्यात काय काय नाही ते सगळं सांगितलं, तेव्हा हे तिला आठवलं नव्हतं.

श्रीरंगांचे ओठ हलायला लागले. फुटलेल्या आरशाकडे बघत ते काहीतरी शोधत होते, गळ्याच्या शिरा ताणून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सापडत नव्हतं.

हेमांगी जवळ गेली. तिनं त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि त्या फडक्यानंच त्यांचा गुडघा पुसला.

"असू दे," ती म्हणाली.

ते तिच्याकडे बघत राहिले.

"असू दे हो. असू दे."

मग दोघांनी मिळून स्कूटर उचलली. तिनं हँडल धरलं, त्यांनी मागून एका हातानं ढकललं, आणि स्कूटरचं तोंड फाटकाकडे करून ती नीट उभी केली. हेमांगीला त्या दिवशी कुठंच जायचं नव्हतं.